अंगणातलं दार

मोखाड्याच्या आठवडी बाजारात शेजारच्या नवशाकाकाच्या कानावर आलं, नाताळ करणाऱ्यांची दारं तोडायला आज रात्री माणसं येणार आहेत. आमच्या पाड्यात येशूला मानणारं घर एकच, आमचं. काका सरळ आमच्याकडं आला. "यंदा दार लावा, चिमणी विझवा नि गप पडून राहा," म्हणाला. नवरा लगेच कडी घालायला उठला. माझं डोकंच फिरलं. दरवर्षी नाताळला अख्खा पाडा आमच्या अंगणात जेवतो आणि आम्ही चोरासारखं आत बसायचं? मी दार बिजागरीतून काढलं आणि पाहुण्यांना बसायला अंगणात आडवं टाकलं. "दारच नाही. आता काय तोडतात बघते!" रस्सा उकळत होता, पोरं गाणी म्हणत होती. मग काका चपला काढून दारावर बसला, काठी मांडीवर आडवी ठेवली. "वाढ पोरी," म्हणाला. "आता तोडा म्हणावं दार."