बिनधुराचं घर

पुण्याच्या पत्राला उत्तर द्यायचं राहिलं होतं. चैत्रात आलेलं ते पत्र सेतुमाधवरावांनी शब्दकोशात ठेवलं होतं आणि आता दिवाळी महिन्यावर आली होती. आपलं तंजावुरी मराठी वाचून पुण्याची माणसं हसतील, असं कारण ते स्वतःला देत.

पत्रात लिहिलं होतं, तुमचा इंग्रजी लेख वाचला. पृथ्वी तापवणारा धूर कमी करावा यावर भाषणं पुष्कळ होतात, तुम्ही तसे जगता. डिसेंबरात आमची काही माणसं तुमचं बिनधुराचं घर पाहायला येऊ इच्छितात.

घरात स्कूटर नव्हती, फ्रिज नव्हता. सेतुमाधवराव सायकलवर जात आणि गिरणीतून भाताच्या तुसाचं पोतं आणत. त्यावर शेगडी चाले. भाताने हवेतून जेवढा कार्बन घेतला, तेवढाच तूस जळताना परत देतं, असं त्यांनी लेखात लिहिलं होतं. ते वाक्य जमलं होतं, असं त्यांना अजूनही वाटे.

त्या सकाळी दारात टाय लावलेला एक विक्रेता उभा राहिला. खासगी कंपनीचा गॅस. पूर्वी नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबावं लागे, आता सिलिंडर विचारत विचारत दारी येई. गल्लीत बाकी सगळ्यांनी घेतला होता.

"वेंडाम," सेतुमाधवराव म्हणाले. नको.

आतून खोकला ऐकू आला. त्यांच्या बायकोचा, चंद्रमतीचा खोकला आधी बारीक येई, मग तळातून, आणि शेवटी श्वास शिट्टीसारखा वाजे.

विक्रेत्याने त्यांच्या खांद्यावरून आत पाहिलं. "घरच्या मामींना विचारलंत का, सार?" तो तमिळमध्ये म्हणाला.

सेतुमाधवराव आत गेले. स्वयंपाकघराच्या दारात थांबले.

"गॅसवाला आलाय. घ्यायचा का?"

चंद्रमतीने फुंकणी खाली ठेवली, पदराने डोळे पुसले. "आज काय विशेष? मला विचारताय?"

"विचारतोय."

"व्रत तुमचं, उपास मी करते. आता पारणं कधी, तेही मीच सांगू?"

त्यांनी चौकटीला हात टेकला.

"घ्या म्हणावं, तर तुमचे पुण्याचे पाहुणे. चार घरी पत्र वाचून दाखवलंत. समोरच्या भुवनेश्वरीला मीही ठसक्यात सांगून बसलेय, आमच्याकडे गॅस यायचा नाही म्हणून. नको म्हणावं, तर हे." तिने धुरातून हात फिरवला. "मी कुठून बाहेर पडू, तेवढं सांगा."

स्वयंपाकघराला एकच दार होतं आणि त्यात सेतुमाधवराव उभे होते.

ते आत आले. शेगडीपाशी खाली बसले.

"ऊठ. मी करतो."

"काय, फिल्टरची कापी?"

"सगळंच. दिवाळीपर्यंत इथे मी बसेन. मग घ्यायचा की नाही, ते तू सांग."

"आणि सांबार कोण करणार? तुमचा लेख?"

"तू बाहेरून सांग, मी करीन."

"भुवनेश्वरीला काय सांगू?"

"सांग, आमच्या यजमानांना वेड लागलंय."

"ते तिला ठाऊक आहे," चंद्रमती म्हणाली आणि उठली. दाराशी जाऊन तिनेच विक्रेत्याला सांगितलं, दिवाळी झाल्यावर या. आणि आल्यावर मला हाक मारा.

दिवाळीच्या आदल्या दिवशी दुपारी सेतुमाधवरावांनी शब्दकोशातलं पत्र काढलं आणि उत्तर लिहिलं. चंद्रमतीला देवनागरी वाचता येत नसे. त्यांनी वाचून दाखवलं.

"अवश्य या. पण घर बिनधुराचं नाही. आमचा धूर स्वयंपाकघरात राहतो आणि तो आजवर माझ्या पत्नीने घेतला. लेखात हे लिहायचं राहिलं. डिसेंबरात तुसाची शेगडी असेल की गॅस, ते ती ठरवील. जे असेल ते दाखवीन."

"हसतील का ग?" त्यांनी विचारलं.

"हसू देत. चटणी खारट झालीय आज."

मेल वीथी या रस्त्यावरच्या टपालपेटीला त्यांनी सायकल टेकवली. पाकिटावर काजळीचा काळा अंगठा उमटला होता. त्यांनी तो धोतराने पुसायचा प्रयत्न केला, तो आणखी पसरला. मग त्यांनी पाकीट आत सोडलं.

खोकला आला. आधी बारीक, मग तळातून, आणि शेवटी श्वास शिट्टीसारखा वाजला.

सेतुमाधवरावांनी चटकन मागे वळून पाहिलं. चंद्रमती पाठोपाठ आली असं त्यांना वाटलं. रस्त्यावर कुणी नव्हतं; हात त्यांच्याच छातीवर होता.