पहिला नंबर फहदचा

"गुणांत मी पहिला आणि तुझ्या यादीत चौथा? श्रीपादभाऊ, ही कसली यादी?" हाशमने कागद टेबलावर ठेवला. तो स्टोअर सांभाळायचा आणि वस्तू जागच्या हलल्या की त्याला सहन होत नसे.

श्रीपादने आधी दाराकडे पाहिलं. फहद अजून आला नव्हता. तो दहाच्या आत येत नसे आणि बाराच्या पुढे थांबत नसे.

"हळू बोला, हाशमभाई. तुमचा इकामा कधी संपतोय?"

राहण्याच्या परवान्याचं नाव निघताच हाशमने कागद उचलून घेतला.

सौदीतल्या जुबैलच्या त्या मेंटेनन्स कंपनीत आठ जणांनी मिळून क्रिकेटची फँटसी लीग काढली होती. खऱ्या स्पर्धेतले अकरा खेळाडू प्रत्येकाने निवडायचे, आणि ते मैदानात जे करतील त्याचे गुण आपल्याला. गुण मोजायला वेबसाइट होती. पण दर आठवड्याला श्रीपाद स्वतःच्या अकलेने आठही संघांची क्रमवारी लावायचा आणि प्रत्येकाबद्दल दोन खोचक ओळी लिहायचा. साठ कामगारांच्या शिफ्टची ड्युटी-लिस्ट लावणं हे त्याचं पोटापाण्याचं काम. त्यामुळे माणसं वरखाली करायची त्याला सवयच होती.

फहद सव्वीस वर्षांचा. सरकारी नियमाप्रमाणे कंपनीत जितके सौदी हवे होते, तितके त्याला धरूनच भरत होते. त्याच्या आधीचे दोघे कंटाळून दोन-दोन महिन्यांत निघून गेले होते. हाही गेला तर कंपनी सरकारी वर्गवारीत हिरव्या रंगातून पिवळ्यात जाणार, आणि पिवळ्यात जुन्या परदेशी माणसांचे इकामे वाढत नाहीत. श्रीपादला इथे अकरा वर्षं झाली होती. त्याचा इकामा तीन महिन्यांत संपत होता आणि त्याची मुलगी स्वानंदी दम्मामच्या शाळेत नुकतीच बारावीला गेली होती. त्याला फक्त एक वर्ष हवं होतं. त्या एका वर्षासाठी तो फहदची पालखीसुद्धा उचलायला तयार होता.

पालखी उचलणं सोपं नव्हतं. फहदला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात त्याने चार यष्टिरक्षक घेतले, कारण फोटोत त्यांच्याच हातात मोजे होते आणि ती माणसं त्याला कष्टाळू वाटली. गुणांत तो आठवा आला. श्रीपादने क्रमवारीत त्याला पहिला केलं आणि खाली लिहिलं, "कोणाला कामाला लावावं आणि कोणाला बसवावं, याची अशी जाण आमच्यात कोणालाच नाही." आता कोणीतरी आठवं हवंच. इतरांना दुखवण्यापेक्षा त्याने तिथे स्वतःचं नाव घातलं. "श्रीपाद: माणसं ओळखण्यात कच्चा. याने आता विश्रांती घ्यावी."

मात्रा लागू पडली. दुसऱ्या आठवड्यात फहद नऊला आला, तिसऱ्यात आठला. चौथ्या आठवड्यात तो खुर्ची ओढून श्रीपादशेजारीच बसला आणि ड्युटी-लिस्ट कशी लावतात ते विचारू लागला. श्रीपादला इतका आनंद झाला की त्याने सगळं समजावून सांगितलं, कोणाला रात्रपाळी मानवत नाही इथपासून. कंटाळलेला माणूस रमला, आणखी काय हवं?

मग फहदने एक गोष्ट मागितली. रोज संध्याकाळी वडील विचारतात, ऑफिसात तू नक्की करतोस काय? तर ही क्रमवारी कंपनीच्या लेटरहेडवर मिळेल का? वडिलांना क्रिकेट माहीत नाही, तेव्हा वर फक्त 'साप्ताहिक क्रमवारी' एवढंच असू दे. आणि खाली शिक्का. "शिक्का नसलेला कागद आमच्या घरी कोणी वाचत नाही," तो म्हणाला.

शिक्का श्रीपादच्याच खणात असायचा. त्याने आधीचे कागदही नव्याने छापून दिले. फहद ते एका निळ्या फाईलमध्ये लावत गेला.

घरी बायकोला, पद्मिनीला, हे सगळं माहीत होतं. जेवताना ती विचारायची, आज फहदबद्दल काय लिहिलंत? ऐकून घ्यायची आणि म्हणायची की अठरा वर्षांच्या संसारात आपल्या वाट्याला यातली एक ओळ आली नाही.

आठ आठवड्यांनी स्पर्धा संपली. गुणांत हाशम पहिला आणि फहद शेवटचा. श्रीपादच्या क्रमवारीत मात्र आठही आठवडे फहद पहिला आणि श्रीपाद शेवटचा. हाशमची समजूत घालायला श्रीपादने त्याला मटण बिर्याणी खिलवली.

तिसऱ्या दिवशी मालकांचं बोलावणं आलं. अबू सालेह सहसा कोणाला केबिनमध्ये बोलवत नसत. टेबलावर श्रीपादला निळी फाईल दिसली. पोरगं शेवटी राजीनामा देऊन गेलं वाटतं.

"फहद सोडून जातोय का?" त्याने उभ्याउभ्याच विचारलं.

"कुठे जाईल? तो इथे रमलाय. ते तुझ्यामुळे, श्रीपाद. बस." मालकांनी स्वतःच्या हाताने त्याला कहवा ओतून दिला.

श्रीपाद बसला. अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्या खुर्चीत त्याची पाठ टेकली. बारावी झाली, असं त्याच्या मनात आलं.

"माझी मोठी काळजी मिटली," मालक म्हणाले. "हिरव्यात टिकायचं तर आता ऑफिसातल्या जबाबदारीच्या एका खुर्चीवरही सौदी माणूस बसवायला हवा. फहदला ड्युटी-लिस्टचं काम जमेल की नाही, याच्यावर मी महिनाभर अडलो होतो. काल त्याचे वडील ही फाईल घेऊन आले."

त्यांनी फाईल उघडली. आठ कागद, आठ शिक्के. त्यांचं बोट पहिल्या ओळीवरून सरकत सावकाश आठव्या ओळीवर आलं.

"स्वतःबद्दल इतकं खरं लिहिणारा माणूस मी आयुष्यात पाहिला नव्हता," ते म्हणाले. "खलास. घे विश्रांती."