आईच्या मॉनिटरची केबल

"हीपण नाही चालली?" दुकानदारानं चष्म्यावरून पाहिलं. "साहेब, तुम्ही तर कंप्युटरवाले ना?"

त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ऑफिसात कुणाचं काही अडलं की सगळे त्यालाच हाक मारत, आणि इथे आईच्या लॅपटॉपला मॉनिटर जोडताना त्याची पार अब्रू गेली होती.

आई दुसऱ्या गावी एकटी राहायची. लॅपटॉपवर नात बारीक दिसते म्हणाली, म्हणून त्यानं हौसेनं मोठा मॉनिटर पाठवला. रविवारी नातीचा नाच ऑनलाइन दिसणार होता. पोरगी रोज विचारायची, "आजी मला मोठ्ठं बघणार ना?"

पहिली केबल टाइप-सी पाठवली. ती नेमकी नुसत्या चार्जिंगची निघाली, चित्र नेणारी नव्हतीच. चूक त्याचीच, आणि इतकी बाळबोध की बायकोलाही सांगायची लाज वाटली. मग चित्र नेणारी एचडीएमआय केबल पाठवली. फोनवर सांगून सांगून आईकडून ती जोडून घेतली.

"काय दिसतंय?"

"काळं."

"नो सिग्नल वगैरे काही अक्षरं?"

"काही नाही रे."

"केबलच्या टोकावर काय लिहिलंय, वाच बरं."

"आता चष्मा कुठे शोधत बसू?"

त्याचं डोकं फिरलं. "आई, एवढं साधं जमत नाही तुला?"

 ती हळूच म्हणाली, "माझंच काहीतरी चुकत असेल."

ते ऐकून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. केबल आपण धड निवडत नाही आणि तोंडसुख घेतो कुणावर, तर आईवर.

म्हणून आज त्यानं दुकानातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या केबली पिशवीत भरून घेतल्या. शनिवारी सकाळी तो स्वतःच गावी पोचला.

आईनं दार उघडलं. भिंतीला हात लावत पुढे चालू लागली. "उगाच धावपळ केलीस. तू येणार म्हणून सगळं चालू करून ठेवलंय. बघ, अजून काळंच आहे."

तो खोलीच्या दारात थबकला. मॉनिटर लख्ख उजळला होता. स्क्रीनभर फोटोतली नात हसत होती, तिच्या पडलेल्या दाताची खिंडसुद्धा दिसत होती.

"आई, हा तर चालू आहे."

आई खुर्चीवर टेकली, नाक लागेल इतकी स्क्रीनजवळ वाकली.

"चालू आहे होय?"