भिंतीकडची खुर्ची

“सर, ठिपका हलला!” सूक्ष्मदर्शकावरचा डोळा न काढता शलाका ओरडली.

चार वर्षं तिचा प्रबंध त्या हिरव्या ठिपक्यापायी अडला होता. ठिपका म्हणजे जनुक. पेशीकेंद्रकाच्या भिंतीला चिकटलेलं असेतो ते मुकं; भिंत सोडून मध्ये आलं की बोलतं, म्हणजे कामाला लागतं, असं तिचं म्हणणं. पण पठ्ठ्या जागचा हलेल तर शपथ!

“हलला, पण बोलला का?” भिंतीकडच्या खुर्चीतून निमकर सरांनी विचारलं. बावीस वर्षांत त्या खुर्चीतून कौतुकाचा शब्द कुणी ऐकला नव्हता.

“बोलतोय सर! खुणेचा लाल उजेड दिसतोय.”

सरांनी पाहिलं. मग खुर्ची ओढत प्रयोगशाळेच्या मधोमध आणली, ऐसपैस बसले आणि मांडीवर ताल धरून चक्क नाट्यपद गाऊ लागले.

शलाकानं वहीत गंभीरपणे नोंदवलं: ‘दुसऱ्या नमुन्यातही हाच परिणाम.’