कालवलेला माल

खिडकीच्या वरचा गिलावा पुन्हा खाली आला, तो थेट बायकोच्या खांद्यावर. ती शिडीवर होती, नवरा खाली घमेल्याशी. तिने खांदा झटकला, थापीने तेवढाच माल उचलला आणि पुन्हा त्याच जागी मारला.

शेतातलं हे जुनं घर घेताना थोडी डागडुजी लागेल, असं सांगण्यात आलं होतं. ती थोडी डागडुजी संपायचं नाव घेत नव्हती. एक भोक बुजवावं तर शेजारी दुसरं तयार. गवंडी मध्येच दुसऱ्या कामावर गेला, तो गेलाच. निवृत्तीनंतर माणसं नातवंडं सांभाळतात, सहलीला जातात. हे दोघं सिमेंट कालवत होते. सकाळी उठताना नवऱ्याची कंबर साथ देत नसे. बायकोच्या बोटांच्या भेगांना कुठलंच मलम लागू पडत नव्हतं. तरी चहा झाला की तो "चला" म्हणायचा आणि ती डोक्याला फडकं बांधायची.

दारात एक गाडी थांबली. इंजिन तापलं होतं, पाणी हवं होतं. तरुण गाडीवाल्याने बाटली भरून घेतली आणि जाता जाता उंबऱ्यातून आत डोकावला. वर लाकडी तुळया, खाली जुनी फरशी, खिडकीबाहेर शेत. तो तिथेच रेंगाळला.

"काका, विकणार असाल तर सांगा. असंच घर शोधतोय. आहे तसं घेईन, अर्धवट."

"मला काय विचारता," नवरा हसून म्हणाला. "मालकीण वर आहे. मी आपला हमाल."

"काहीतरीच," शिडीवरून बायको म्हणाली. "यांचा जीव अडकलाय या घरात. हे कसले विकतात."

गाडीवाला हसला आणि आपलं कार्ड खिडकीत ठेवून गेला.

गाडीचा आवाज लांब जाईपर्यंत नवरा फावड्याने माल वरखाली करत राहिला. मग म्हणाला, "माझा जीव?"

"मग कोणाचा?"

"तुझा. तूच म्हणाली होतीस, शेतात घर असावं, सकाळी दार उघडलं की समोर हिरवं दिसावं."

"ते तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा. छातीला टाके, तोंड भिंतीकडे. तुम्हाला जरा उभारी यावी म्हणून बोलले."

"आणि मी हे घेतलं ते..." नवऱ्याने फावडं भिंतीला टेकवलं. "माझ्या आजारपणात तू एवढं सोसलंस. म्हटलं, तुझी एक हौस तरी पुरी करावी."

बायको हळूहळू उतरली आणि शिडीच्या खालच्या पायरीवर बसली.

"मला गोगलगाय पाहिली तरी शिसारी येते," ती म्हणाली. "इथे न्हाणीघरात रोज असतात. आपला फ्लॅटच बरा होता. खाली दुकान, समोर दवाखाना."

"मलाही तोच बरा वाटायचा."

"मग बोलला का नाहीत?"

"तू रोज शिडी चढायचीस. कुठल्या तोंडाने बोलणार?"

"मुलीलाही मी सांगितलंय, बाबांचं स्वप्न आहे म्हणून."

"मी आईचं म्हणून सांगितलंय. काय म्हणाली ती तुला?"

"काही नाही. हसली."

"मलाही हसलीच."

हसावं की रडावं, दोघांनाही कळेना. एकमेकांच्या मायेपोटी त्यांनी एकमेकांना या सिमेंटात उभं केलं होतं, आणि दोष द्यावा तर तिसरं कोणी नव्हतं. बायकोला आधी नवऱ्याचा राग आला, मग त्याची कीव आली. मग दोन्ही गेलं आणि नुसती दमणूक उरली.

"कर त्याला फोन," नवरा म्हणाला.

"माझे हात भरलेत. तुम्ही करा."

त्याचेही हात कोपरापर्यंत करडे झाले होते. शिवाय घमेल्यात माल होता. थोडा वेळ गेला की त्याचा दगड होतो आणि फेकण्यावाचून इलाज राहत नाही. कालवलेला माल फेकणं दोघांच्याही जिवावर यायचं.

"हा संपवू आधी," ती उठली. "पण एक सांगू? तुम्ही पाणी फार घालता. म्हणून तो धरत नाही. पहिल्या दिवसापासून घालताय."

"पहिल्या दिवसापासून?"

"इतकं मन लावून कालवायचात. म्हटलं, कशाला हिरमोड करा."

नवऱ्याने घमेल्यातला माल बोटाने चाचपला. मग म्हणाला, "आणि तू भिंत ओली न करताच मारतेस."

"मग सांगायचं ना."

त्याने घमेल्यात थोडं कोरडं सिमेंट आणि वाळू मिसळली. तिने भिंतीवर पाणी मारलं, शिडीवर चढून खिडकीच्या वर थापी मारली. दोघं माना वर करून थांबले. गिलावा पडला नाही. सवयीने ते आणखी थोडा वेळ थांबले.

घमेलं रिकामं झालं. खिडकीतल्या कार्डावर मालाचे शिंतोडे उडाले होते, पण नंबर वाचता येत होता. बायकोने फडक्याला हात पुसले.

"अजून उजेड आहे तसा," नवरा खिडकीबाहेर बघत म्हणाला. "फोनचं काय करायचं?"

"करू," ती म्हणाली. रिकामं घमेलं ओढत तिने वाळूच्या ढिगाशी नेलं आणि त्याच्या हातातला पाण्याचा मग काढून घेतला. "पाणी मी घालते."