चिखलीचा शेरीफ

"हनुवटी जरा वर करा," महादेवराव म्हणाले. "असे मान खाली घालून काय बसले? शेरीफ हाये तुम्ही, आरोपी नाही."

हर्षलने हनुवटी वर केली. डोक्यावर चिखलीच्या बाजारातली हॅट होती, छातीवर आईने, सोजराबाईंनी, गोळ्यांच्या चकचकीत पाकिटातून कापलेला तारा.

"कोन्या गावचे म्हनले तुम्ही?"

"इथलाच आहे, बाबा. मी हर्षल."

"हर्षल माह्या पोराचं नाव हाये." महादेवरावांनी ब्रश फडक्याला पुसला. "थो अमेरिकेत राह्यते. त्याचंच चित्र काढून राह्यलो. तुमची ठेवण थोडी जुळते, म्हनून तुमाले बसवलं."

हर्षल टेक्सासला कॉम्प्युटरपुढे बसायचा. घोडा त्याने तिथे जवळून कधी पाहिलाच नव्हता. पण महादेवरावांची अमेरिका वेगळी होती. ऐन उमेदीत त्यांनी गावातल्या टॉकीजसाठी घोड्यांच्या इंग्रजी सिनेमांचे बोर्ड रंगवले होते. पुढे टॉकीज बंद पडली आणि त्यांची अमेरिका तिथेच थांबली. लाकडी दुकानं, धुळीचा रस्ता, कमरेला पिस्तूल लावलेला शेरीफ, म्हणजे तिकडचा फौजदार. मागचा डोंगर मात्र बुलढाण्याच्या घाटातला, कारण दुसरा त्यांनी पाहिला नव्हता.

हर्षल फार वर्षांनी आला होता, थोड्या दिवसांची रजा घेऊन. दार वडिलांनीच उघडलं आणि विचारलं, "कोन पाहिजे?"

डॉक्टर म्हणाले, वय झालं की असं होतं. हातातलं जुनं काम करू द्या. नाक-डोळे रंगवता रंगवता एखादवेळी ओळख पटेल. म्हणून ही रोजची बैठक. रजा वाढवून झाली होती, वाढवलेलीही संपत आली होती.

आधीचे अमेरिकन भिंतीला टेकून उभे होते. सोनं शोधणारा, तांड्याचा गाडीवान, बँक लुटणारा. प्रत्येकासाठी हर्षलच बसला होता. चित्र छान जमत यायचं, आणि शेवटच्या दिवशी चेहरा भलत्याच माणसाचा व्हायचा. बँक लुटणारा तर थेट शेजारच्या पुंजाजींवर गेला होता.

पुंजाजींना ते पटलं नव्हतं. आजही ते कुंपणापलीकडून ओरडले, "काऊन बे महादेवा, मले डाकू केलं?"

"पोळ्याले माही शिडी नेली, थे आनून दे. मंग शेरीफ करतो."

पुंजाजी खो खो हसले. हर्षलला हसू आलं नाही.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. तिकडून अनुपमा होती, त्याची बायको. तो उठून ओट्यावर गेला.

"आता तरी तारीख सांग," ती म्हणाली. "नोकरी घालवून बसशील. आणि पोरगी रोज विचारते."

"एकदा नावानं हाक मारू दे त्यांना," हर्षल म्हणाला. "एकदाच. त्याच दिवशी निघतो, तुझी शपथ. पण असं परका होऊन नाही गं जाता येत."

त्याने फोन ठेवला. खिडकी उघडीच होती. आत महादेवराव निळ्या रंगात पांढरा कालवत होते.

उन्हं उतरली तसं त्यांनी सामान आवरलं. "उद्या याल ना पाहुने?"

"येतो, बाबा."

"या. चेहरा अर्धा राह्यला तर बरं दिसत नाही."

हर्षल आत गेला. सोजराबाईंनी चहाचा कप नवऱ्यापुढे आदळला. "आहो, पोटचं पोरगं हाये थे आपलं! दिसत कसं नाही तुमाले?"

"चांगला मानूस हाये," महादेवराव म्हणाले. "त्याच्या मायबापाले लय आठवन येत असन त्याची."

सोजराबाईंनी डोळ्याला पदर लावला आणि भाजी चिरायला बसल्या.

दुसऱ्या दिवशी हर्षल वडिलांची औषधं आणायला गेला. तो बराच वेळ आला नाही. सोजराबाई चहा घेऊन बाहेरच्या खोलीत आल्या, तेव्हा महादेवराव एकटेच रंगवत होते. समोर रिकामी खुर्ची होती. तिच्याकडे ते बघतही नव्हते.

सोजराबाईंनी चित्र पाहिलं आणि कप बशीत वाजला.

हॅटखाली हर्षल होता. तेच डोळे, तेच नाक, ओठ मिटायची तीच तऱ्हा. दाढी नव्हती. हनुवटीवर डावीकडे बारीक तिरपा वण होता. चौथीत असताना जांभळीवरून पडला होता, तेव्हाचा. मिसरूड फुटलं तसा हर्षलने दाढी ठेवली. त्यानंतर तो वण कुणाला दिसला नव्हता.

"आहो," सोजराबाई जवळ सरकल्या. "तुमाले... तुमाले तर..."

महादेवरावांनी ओठांवर बोट ठेवलं.

बाहेर फाटकाची कडी वाजली. त्यांनी घाईघाईने फडकं टर्पेंटाइनमध्ये बुडवलं आणि चित्रावर टेकवलं. क्षणभर हात तसाच राहिला. मग त्यांनी आधी वण पुसला, मग ओठ, मग डोळे.

"नाव घेतलं का जाईन थो," ते म्हणाले.