डावी टाच

मुलगा बेपत्ता झाल्यापासून मावशी चर्चमागच्या खोलीत बेवारस मृतदेहांना अंघोळ घालत होती. सुरुवात नेहमी पायांपासून. "प्रभूनेही पायच धुतले," ती फादरना सांगायची. खरं कारण वेगळंच. लेक तान्हा असताना तिच्याच हातून कढत पाणी सांडून त्याची डावी टाच भाजली होती. त्यानंतर पाण्यात कोपर बुडवून बघितल्याशिवाय तिने त्याला कधी न्हाऊ घातलं नाही. समोरची टाच कोरी दिसली की तिचा जीव भांड्यात पडायचा, लगेच लाजही वाटायची. हाही कुणाचा तरी लेकच. फादर दरवेळी पाणी तापवायला निघायचे. "गेलेल्याला काय गार नि काय गरम," ती म्हणायची. आज चादर सरकवली आणि डाव्या टाचेवरच्या डागावर तिचा अंगठा थांबला. "फादर, जरा पाणी तापवून आणता?" बादली आली. फडकं बाजूला ठेवून तिने आधी कोपर बुडवलं.